आवृत्ती १.१०.० ही १.९.२ पेक्षा जुनी का ठरते?

धरमपेठकर:
हिंगणा एमआयडीसीतल्या यंत्रांवर अपडेट पाठवणारी पायथन स्क्रिप्ट आहे. १.१०.० आलं तरी ती १.९.२ लाच नवं समजून राह्यली. तुलना थेट दोन स्ट्रिंगची (आकडे नव्हे, मजकूर म्हणून) आहे. डॉटवर तोडून आकडे केले तर पुरेल का?

सक्करदरा_७:
स्ट्रिंगची तुलना अक्षरागणिक होते. 'एक, डॉट' दोन्हीकडे सारखं, मग १ समोर ९ येतो. १ लहान, तिथंच निकाल लागतो. तोडून इंट (पूर्णांक) केलं तर एवढं सुटेल, पण २.०.०-आरसी.१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिमच्या आधीची चाचणी आवृत्ती) आलं की आकडा करता न आल्याने व्हॅल्यूएरर येईल. शिवाय (१, ०) हे टपल (क्रमवार यादी) (१, ०, ०) पेक्षा लहान ठरतं.

भाऊ, 'पॅकेजिंग' लायब्ररीतला 'व्हर्जन' क्लास वापरा. त्याला १.० आणि १.०.० समान, आरसी ही अंतिम आवृत्तीच्या आधीची. वेडंवाकडं लिहिलेलं आलं तर इनव्हॅलिडव्हर्जन एरर देतो, तोच पकडा. जुन्या उत्तरांतला लूजव्हर्जन मात्र घेऊ नका. तो ज्या डिस्टयुटिल्स मॉड्यूलमध्ये होता, तेच पायथन ३.१२ मधून काढून टाकलंय.

वर्धारोड:
स्वतःचं रेजेक्स (मजकूर तपासायचा नमुना) लिहिणार असाल तर एक सापळा आपल्या लिपीचाच आहे. स्ट्रिंगवर बॅकस्लॅश-डी (आकड्याची खूण) देवनागरी आकडेही पकडतो आणि इंटही ते बिनतक्रार बदलतो. तपासणी पास होते, पुढचं टूल अडतं. चौकटी कंसात इंग्रजी शून्य ते नऊच लिहा आणि पूर्ण स्ट्रिंग जुळवणारं फुलमॅच वापरा. शेवट दाखवणारं डॉलर चिन्ह मात्र शेवटी न्यूलाइन असली तरी चालवून घेतं.

धरमपेठकर:
व्हर्जन क्लासने क्रम बरोबर आला. पण वायएएमएलमधून (सेटिंगच्या फाइलमधून) १.१० चं १.१ होऊन येतं.

सक्करदरा_७:
तिथं तो दशांश अपूर्णांक म्हणून वाचला जातो. अवतरणचिन्हांत लिहा.