इंटर्नना ट्रॅमाडॉल कधी लिहायचं हे शिकवायचं कसं?

दंतशिक्षक_सांगली
इंटर्नसाठी दोन तासांचं सेशन घ्यायचंय: दाढ काढल्यानंतरचं दुखणं आणि ओपिऑइड (अफूसारखं काम करणारी जोराची वेदनाशामकं, ट्रॅमाडॉल त्यातलंच). फार्माकॉलॉजी दुसऱ्या वर्षीच झालेली, परीक्षेपुरतं सगळ्यांना येतं. पण ओपीडीत जत-आटपाडीकडचा पेशंट "रात्री ठणका लागला तर एवढ्या लांबून कुठं येऊ?" म्हणाला, की 'असू दे' म्हणून चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल उतरतंच. लेक्चर नको, हातानं करून घेता येईल असं सुचवा.

कराडचा_सर्जन
ट्रॅमाडॉलपासून सुरुवातच करू नका. आधी घड्याळ काढायला लावा. लिग्नोकेन-अ‍ॅड्रिनालिनचा बधिरपणा तीन-चार तासांत उतरतो आणि अक्कलदाढेचा खरा ठणका त्यानंतर चढतो. सकाळी अकराला दाढ काढली, तर जतच्या एसटीतून उतरताना पेशंट दुखण्याच्या तोंडावर असतो. म्हणून पहिली गोळी कॉलेजातच: गॉज काढला, थंड दूध घेतलं, की आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 एकदम. पुढं दर सहा तासांनी, पहिले दोन दिवस दुखो न दुखो, मग लागेल तशी. अक्कलदाढेच्या दुखण्यावर ही जोडी ओपिऑइडच्या गोळ्यांच्या तोडीस तोड, बहुतेकदा सरस ठरते.

'दुखलं तर घ्या' एवढंच लिहिलं की पेशंट कळ शिगेला जाईपर्यंत थांबतो, गोळी चढायला तासभर लागतो आणि मग "गोळी लागूच पडली नाही" म्हणतो. तिथूनच 'जोराची गोळी द्या' सुरू होतं.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर फोनवर गोळी बदलायची नाही. ड्राय सॉकेट (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं) असेल, तर सलाइननं धुऊन युजेनॉलचं (लवंगेच्या तेलातलं औषध) ड्रेसिंग हाच इलाज. पल्पायटिसमध्ये (दाताच्या नसेची सूज) दात उघडल्याशिवाय ट्रॅमाडॉलही काही करत नाही.

औषधशास्त्र_मिरज
मी असती तर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पॅरासिटामॉलची एक बेरीज दिली असती. अ‍ॅसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दिवसातून दोनदा, ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल चारदा आणि अंग कणकणतंय म्हणून पेशंटनं स्वतःच घेतलेली 650 ची गोळी चारदा. प्रत्येक जोडगोळीत पॅरासिटामॉल 325. एकूण 4550 मिलिग्रॅम! 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडली, आणि रोज दारू पिणाऱ्याला तर त्याहून बरंच कमी चालतं.

दुसरी चिठ्ठी: वय 62, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी. वर आयबुप्रोफेन दिलं तर किडनीवर ताण येतो. हे पेशंट विचारल्याशिवाय सांगत नाहीत, गोळ्यांची पिशवीच उघडायला लावा.

मेडिकलवाला_विटा
काउंटरवरून दिसतं ते सांगतो. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वन (कडक नोंदीच्या औषधांची यादी) मध्ये आहे आणि 2018 पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आहे. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग असं वेगळ्या रजिस्टरला चढवावं लागतं, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. गोळ्यांची संख्या नसलेली चिठ्ठी आली की आमची पंचाईत. '6 (सहा)' असं आकड्यात आणि अक्षरात लिहायला शिकवा. नुसत्या 6 पुढं शून्य चढायला वेळ लागत नाही. तारीख आणि रजिस्ट्रेशन नंबर तर हवाच.

दंतशिक्षक_सांगली
बेरजेची आयडिया घेतो, मॅडम. पण अल्सर किंवा दमा असलेला, आयबुप्रोफेन न चालणारा पेशंट आला तर?

कराडचा_सर्जन
दाढ काढून झाली की शेवटी 0.5 टक्के ब्युपिव्हाकेनचं इंजेक्शन द्या, बधिरपणा जास्त टिकतो. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी. तरीही हाडाचं काम बरंच झालं असेल, तरच ट्रॅमाडॉल 50, लागेल तशी, दोन दिवस, सहा गोळ्या. त्याआधी पाच प्रश्न तोंडपाठ हवेत: फिट येते का, झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी चालू आहे का, दारू, झोपेत श्वास अडकतो का, वय बाराच्या खाली आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर इंटर्ननं सही करायची नाही, सीनिअरला बोलवायचं. मळमळ-उलटी होते, गाडी चालवायची नाही, हे सांगितल्याची नोंद केसपेपरवर.