उपजत गुण नसताना प्रावीण्य मिळतं का? तुमचे अनुभव लिहा

मुळात अंगात नसलेली गोष्ट कुणी खरोखर कमावली आहे का? नुसतं ‘बरं जमतं’ नव्हे, जाणकारांनी मान डोलवावी इतकी. या विषयात दहा हजार तासांच्या सरावाचा हवाला हमखास येतो. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. तेवढे तास भरले की कुणीही पारंगत होतो, असं त्यात नाही. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकात सरावाचा वाटा संगीतात २१ टक्के आणि क्रीडाप्रकारांत १८ टक्के निघाला. बाकीचं काय असतं, ते तुमच्याकडून ऐकायचंय. अर्ध्यावर सोडलं असेल तर तेही लिहा.

गाणं शिकणारी
माझा आवाज कणसूर होता. बाईंनी सुरुवातीला रागाचं नावही काढलं नाही. तंबोरा लावून फक्त सा. तो ध्वनिमुद्रित करून लगेच ऐकायला लावायच्या. तेव्हा कळलं, मी सूर खालून पकडते आणि घसरत वर चढते. कानाला चूक कळत होती, गळा ऐकत नव्हता. मग आधी मनात सूर धरायचा, ओठ मिटून गुणगुणायचा आणि नंतरच तोंड उघडायचं, असा क्रम बसवला. आज मी सुरात गाते, बाईंच्या मागे बसून साथ करते. पण माझ्याबरोबर शिकणारी मैत्रीण एकदा ऐकलेली तान जशीच्या तशी उचलते. मला ती तुकडे पाडून घोटावी लागते. इतक्या वर्षांत हा फरक मिटलेला नाही.

उंच उडी
आमच्याकडे हा वाद लवकर मिटतो. २००७ मध्ये ओसाकाला डोनाल्ड थॉमस जगज्जेता झाला, तेव्हा त्याला उंच उडी सुरू करून दोन वर्षंही झाली नव्हती. मागे राहिलेल्यांत स्टेफान होल्म होता, लहानपणापासून हेच करत आलेला. घाम मीही गाळला. उडी सुधारली, मग एका उंचीला थांबली ती थांबलीच.

वरच्यांना
होल्मचं उदाहरण उलटंही वाचा. उंची जेमतेम १८१ सेंटिमीटर, या खेळात ती कमीच. तरी २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण त्याचं, आणि पुढे २४० सेंटिमीटर पार केले.

सुतारकाम
माझा हात स्थिर नव्हता. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सांगायचे, करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालव. उरलेलं पटाशीने काढ. प्रत्येक कापाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, आणि हा तुकडा का तिरका गेला हे सांगितल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही. आज माझ्या सांध्यात कागद शिरत नाही. यासाठी प्रतिभा लागते असं मला वाटत नाही, चूक तिथल्या तिथे दाखवणारं कुणीतरी लागतं. नवा घाट सुचणं मात्र वेगळं. तिथे मी अजून इतरांचे नमुने पाहतो.

गणित शिकवतो
एका प्रसिद्ध प्रयोगात एक सामान्य विद्यार्थी सरावाने ७ अंकांवरून ७९ अंक लक्षात ठेवू लागला. तो धावपटू होता, अंकांना शर्यतीतल्या वेळांचं रूप द्यायचा. अक्षरं दिली की पुन्हा सहाच्या आसपास! वर्गात मी हेच बघतो: समीकरणांत तरबेज झालेली मुलं भूमितीत पुन्हा पहिल्या पायरीवर असतात. गाणाऱ्या ताईंना विचारायचंय, सा पक्का झाल्यावर बाकीचे स्वर आपोआप जागेवर आले, की प्रत्येकासाठी तीच मेहनत पुन्हा करावी लागली?