मदत हवी आहे: टॅक्सचा बोजा नक्की कोणावर पडतो?

नमस्कार मंडळी, मायक्रोइकॉनॉमिक्समधल्या टॅक्सच्या भागात अडलेय, कोणी समजावून सांगेल का? कायद्यात टॅक्स विक्रेत्यावर लावला काय नि ग्राहकावर लावला काय, ज्याची लवचिकता (किंमत बदलली की खरेदी-विक्री किती बदलते ते) कमी त्याच्यावरच जास्त बोजा पडतो, एवढं डोक्यात बसलंय. अमेरिकेचं उदाहरण तर एकदम पटलं, १९९० च्या कायद्याने यॉटच्या (आलिशान खाजगी बोटीच्या) १ लाख डॉलरवरच्या किमतीवर १० टक्के टॅक्स बसवला, तर श्रीमंतांनी यॉट घेणंच कमी केलं (तेव्हा मंदीही होती म्हणा) आणि मार बसला बोटी बांधणाऱ्या कामगारांना, १९९३ मध्ये तो टॅक्स काढून टाकावा लागला.

माझी खरी अडचण सिगरेटची आहे. श्रीमंत देशांत तिची लवचिकता साधारण ०.४ धरतात, म्हणजे किंमत १० टक्के वाढली की खप ४ टक्क्यांच्या आसपास घटतो. मग सरकारला महसूल भरपूर, पण सवय सुटत नाही म्हणून कमी कमाईवाला माणूस टॅक्स भरतच राहणार, आणि हे मला फार खुपतं. इतरांना होणारं नुकसान किमतीत धरा हे अर्थशास्त्रज्ञ पिगूचं म्हणणं मान्य, पण मग टॅक्सचा आकडा त्या नुकसानावरून ठरवायचा की खप किती खाली आणायचाय त्यावरून? दोन्हीची उत्तरं वेगळी येतात ना! शिवाय गरीब लोक आणि तरुण पोरं महागाईमुळे जास्त सोडतात असंही म्हणतात, तर हा टॅक्स गरिबांच्या विरोधात धरायचा की बाजूने?

फॉर्म्युले नकोत, धोरण ठरवणारे हे कसं तोलतात ते सोप्या भाषेत सांगा, हाताने काढलेल्या ग्राफचा फोटो टाकलात तरी चालेल.