मदत हवी: स्मरणसभेत नावं वाचायची आहेत, यादी कुठे मिळेल?

सावनी_क
कॉलेजच्या आवारात वंशसंहारातल्या बळींचा स्मरण कार्यक्रम करतोय, सगळ्यांना खुला. मेणबत्त्या आणि दोन मिनिटं शांतता एवढ्यावर भागवायचं नाही, नावं मोठ्याने वाचायची आहेत. यादी कुठून आणायची? किती वेळ वाचावं? तारीख तोंडावर आली आहे, लवकर सांगा प्लीज.

पाथरवट
कुठला वंशसंहार? तारीख कोणती?

उत्तरवारा
११ जुलै असेल तर बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. १९९५ मध्ये तिथे आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथून जवळच पोटोचारीच्या स्मारकात नावं दगडात कोरली आहेत. पण माझं ऐका, कॉफीचे कप मांडा. बोस्नियन कलाकार आयदा शेहोविच यांनी कितीतरी शहरांच्या चौकांत हे केलंय. गेलेल्यांसाठी कॉफी भरून ठेवायची, प्यायची कुणीच नाही. येणारे-जाणारे आपोआप थांबतात.

सावनी_क
७ एप्रिल. म्हणजे १९९४ चा रवांडाच ना! कप नकोत, नावं हवीत.

दीपमाळ
त्यापेक्षा ९ डिसेंबरला करा. १९४८ मध्ये त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. आर्मेनिया, ज्यू, कंबोडिया, सगळेच त्यात येतील.

पाथरवट
सगळे एका दिवसात कोंबले की फलकावर नुसती देशांची नावं उरतात, माणसं जातात. रवांडावरच राहा.

आकडेमोड
चार सेकंदांना एक नाव धरलं तर तासाला ९०० होतात. रवांडात हुतू अतिरेक्यांनी साधारण १०० दिवसांत ८ लाख माणसं मारली, बहुतेक तुत्सी जमातीची, म्हणजे दिवसाला ८ हजार. एका दिवसात गेलेल्यांची नावं वाचायलाच जवळपास नऊ तास लागतील. हा हिशोबच फलकावर लिहा.

दीपमाळ
रवांडा सरकार १० लाखांहून जास्त सांगतं. फलकावर ८ लाख लिहिलंत तर तिथेच वाद पेटेल.

बंडू_रेडिओवाला
आकड्यांवर भांडताय, पण २१ एप्रिल १९९४ ला सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं, त्याबद्दल कुणी बोलणार का? त्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल डॅलेर जादा सैन्य मागत होते. भाषण त्यावर ठेवा. आणि हो, उघड्यावर माइकला फोमचं टोपण घाला, वाऱ्याने आवाज फाटतो.

उत्तरवारा
रवांडातल्या न्यामाता आणि न्तारामाच्या चर्चमधल्या कवट्यांचे फोटो मोठे करून लावा. पाहिल्याशिवाय लोकांना कळत नाही.

पाथरवट
अजिबात नको. त्या कवट्या कुणाच्या तरी आईबापांच्या आहेत. सावनी, पूर्ण यादी मिळणार नाही, कारण कितीतरी कुटुंबांत नाव सांगायलाही कुणी उरलं नाही. राजधानी किगालीच्या स्मारकातली नावांची भिंतसुद्धा अपुरीच आहे. पण तिथे मुलांचं एक दालन आहे. फोटोखाली मुलाचं नाव, वय, आवडता खेळ, आवडतं खाणं, आणि तो कसा मेला ते लिहिलंय. तसं काही वाचा. शंभर नावं घाईने उरकण्यापेक्षा वीसच, थांबून थांबून. आणि तुमच्या कॉलेजात रवांडाचे विद्यार्थी आहेत का? त्यांना विचारलंत का?

सावनी_क
कल्पना त्यांचीच आहे. दोघी आहेत, आपापल्या घरच्यांची नावं त्या स्वतःच वाचणार. त्यांच्या जन्माआधीच गेलेले आजोबा, मावश्या, मामा. बाकी आम्ही पंधरा जणांनी काय वाचायचं, हाच तर प्रश्न आहे.

पाथरवट
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! मग आधी त्यांना विचारा, त्यांच्या नावांनंतर आणखी नावं हवीत की शांतता. नावं हवी असतील तर रवांडाच्या वंशसंहार अभिलेखागारात वाचलेल्यांच्या साक्षी ऑनलाइन आहेत. त्यांत लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. प्रत्येकाने एक साक्ष घ्या, पूर्ण ऐका, आणि त्यातली नावं वाचा. उच्चार त्या दोघींकडून रेकॉर्ड करून घ्या, आदल्या रात्री नाही, आत्ताच. तुत्सींचे जीव वाचवताना मारले गेलेले हुतूही त्यांत येऊ द्या, पण तेही त्या दोघींना विचारूनच.

सावनी_क
आज संध्याकाळी भेटतेय त्यांना. साक्षींची लिंक असेल तर टाका.