इलेक्ट्रिक गाडीत वन-पेडल मोड सुरुवातीपासूनच चालू असावा का?

घाटमाथा (धागाकर्ता)

वर्षानुवर्षं क्लच-गिअरवर हात बसलेली माणसं आता थेट ईव्हीत बसतायत. पेडलांची जागा तीच, डावीकडे ब्रेक आणि उजवीकडे अॅक्सिलरेटर, त्यामुळे नव्यानं काही शिकायला हवं असं कुणालाच वाटत नाही. मला वाटतं शिकायला हवं, कारण उजव्या पायाची बसायची जागा बदलली आहे.

साध्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते. त्यामुळे गर्दीत आणि पार्किंगमध्ये पाय बहुतेक वेळ ब्रेकवरच असतो. वन-पेडल मोडमध्ये हे उलटं होतं. अॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी चालते आणि गाडीचा वेग थेट शून्यापर्यंत खाली आणते. ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचित येते. मग समोर अचानक एखादं पोर आलं तर? दचकलेला माणूस जे पायाखाली आहे तेच दाबतो. पेट्रोल गाडीत असं झालं तर इंजिनच्या आवाजानं तरी चूक कळते. इथे आवाज नाही, आणि मोटरची ताकद पहिल्या क्षणापासून पुरी. महिंद्रा बीई ६ ची ७९ किलोवॅट-तासांची आवृत्ती ६.७ सेकंदांत शंभरचा वेग गाठते.

चीनच्या नव्या मानकात २०२६ पासून असं आहे की गाडी चालू केल्यावर, मूळ सेटिंगमध्ये, नुसता अॅक्सिलरेटर सोडून ती पूर्ण थांबता कामा नये. ज्याला तसं हवं त्यानं तो मोड स्वतः निवडावा. आपल्याकडेही हाच नियम हवा.

ठाणे_पश्चिम

साफ असहमत. घोडबंदर रोडला संध्याकाळी गाडी चालवून बघा. वन-पेडलमध्ये धोका दिसताच मी पाय उचलतो आणि तिथेच वेग कमी व्हायला लागतो, पाय ब्रेकवर पोचायच्या आधी. हा फायदा तुम्ही धरलाच नाहीत.

आणि पेडलची गफलत ईव्हीनं आणलेली नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून गदारोळ झाला. १९८९ च्या सरकारी अहवालात निघालं काय, तर बहुतेक वेळा ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला होता. तिथल्या रस्ते सुरक्षा खात्यानं वर्षाला सुमारे १६,००० अपघात या चुकीमुळे होतात असा अंदाज दिला, तोही रस्त्यावर ईव्ही नगण्य असताना. टेस्लाबद्दलच्या दोनशेहून अधिक तक्रारी तपासून २०२१ मध्ये त्याच खात्यानं हेच सांगितलं: गाडीत दोष नाही, पेडल चुकलं. चूक जुनी आणि खापर नव्या मोडवर, हे मला पटत नाही.

घाटमाथा

तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. पाय ब्रेकवर ठेवायची सवय असलेल्या माणसांकडूनही ही चूक होते. मग ती सवयच मोडणारा मोड न विचारता चालू का असावा?

शिकवणारी_ताई

मी गाडी चालवायला शिकवते, म्हणून दोघांनाही सांगते, गोष्ट टाचेची आहे. टाच ब्रेकच्या समोर टेकवून, तिथूनच पाय उजवीकडे वळवून अॅक्सिलरेटर दाबला, तर परत येताना पाय ब्रेकवरच येतो. पाय अख्खा उचलून टाकणारा माणूस कुठल्याही गाडीत चुकणार. रिव्हर्सला मागे वळून बघताना कंबर फिरते, तिच्यासोबत पाऊलही सरकतं. उंची कमी असेल तर सीट पुढे घेऊनही टाच नीट टेकत नाही, आणि काही ईव्हींत बॅटरीमुळे तळ उंच असल्यानं पायाचा कोन आणखी बदलतो. शोरूममध्ये चावी देताना टचस्क्रीन अर्धा तास समजावतात. सीट आणि टाच बघायला दोन मिनिटं नसतात.

आणखी एक. क्लचवाला माणूस घाबरला की दोन्ही पाय दाबतो. ईव्हीत डाव्या पायाला क्लचच नाही. तो पाय ब्रेकवर पडेल की हवेत, सांगता येत नाही.

कुर्ल्याला ९ डिसेंबर २०२४ ला बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून माणसं गेली. दोष कुणाचा हे कोर्ट ठरवेल. पण मिनीबस चालवणाऱ्या चालकाला १२ मीटरच्या ऑटोमॅटिक बसचा सराव फार थोडा मिळाला होता, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पगारी चालकाची ही गत, तर घरगुती गाडीवाल्याला सराव कोण देणार? आपलं हलक्या गाडीचं लायसन्स एकदा काढलं की कुठलीही कार चालते.

खोपोली_गॅरेज

ताईंशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून बोरघाट उतरायला लागा. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे पाय सोडल्यावर गाडी रोजच्याइतकी आवळत नाही. ज्याला रोजची सवय आहे त्याचा अंदाज नेमका उतारावर चुकतो. म्हणून घाट उतरायच्या आधी ऐंशी-नव्वद टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा.

आणि पायाखालचं ते जाड सेव्हन-डी मॅट काढा. अॅक्सिलरेटरच्या मागे दुमडलेलं मॅट आणि सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली, यांना मोडशी देणंघेणं नसतं. पावसाळ्यात अधूनमधून ब्रेक खरोखर दाबत जा, वापर नसला की डिस्क गंजते.

तोक्योहून

इकडे २०१९ मध्ये इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या चालकाच्या प्रियस कारखाली एक आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी गेली. गाडीतच दोष होता असं तो म्हणत राहिला. कोर्टानं पेडलची चूक मानून ५ वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतर इथली चर्चा चालकावरून यंत्राकडे गेली. सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत चुकीचा अॅक्सिलरेटर ओळखून जोर तोडणारी यंत्रणा सक्तीची होतेय. समोर भिंत आहे, गाडी उभी आहे आणि पेडल तळापर्यंत दाबलंय, तर गाडीनं ऐकू नये. संयुक्त राष्ट्रांचा १७५ क्रमांकाचा नियमही याच कामासाठी आहे. कोरियात ह्युंदाईनं कॅस्पर इलेक्ट्रिक या छोट्या ईव्हीत अशी सोय दिली, म्हणजे ती महागड्या गाडीपुरती राहायची गरज नाही.

पेडलची मांडणीच बदलण्याचाही प्रयत्न झालाय. कुमामोतोच्या मासुयुकी नारुसे यांनी असं पेडल बनवलं की वेगासाठी पाऊल बाजूला ढकलायचं आणि खाली दाबलं की फक्त ब्रेक. घाबरून दाबलं तरी गाडी थांबते. मोठ्या कंपन्यांनी ते उचललं नाही याचं मला वाईट वाटतं.

ठाणे_पश्चिम

जोर तोडणारी यंत्रणा सक्तीची करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मूळ सेटिंगबद्दल मात्र मी हटणार नाही. दर वेळी गाडी चालू केली की मोड बंद झाला, तर ज्याला वन-पेडलची सवय आहे तो सोसायटीच्या गेटवर पाय उचलून गाडी थांबायची वाट बघत राहील. सकाळी एक वागणूक आणि संध्याकाळी दुसरी, हा धोका तुमच्या धोक्यापेक्षा लहान नाही.

घाटमाथा

हा मुद्दा मान्य. मग प्रत्येक चालकाची निवड गाडीनं लक्षात ठेवावी, पण चालकानं आपलं नाव निवडल्याशिवाय मोड चालू होऊ नये. आमची एकच गाडी मी, बायको आणि सत्तरीचे सासरे चालवतो. सासरे अजून गावी गेले की क्लचची जीप घेतात. त्यांच्या हाती गाडी देताना आदल्या दिवशीची माझी सेटिंग तशीच राहिलेली मला नको आहे.