सर्दीच्या गोळीसाठी ओळखपत्र मागावं का?

वारजेकर ताई (धागाकर्ती)

फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, दीड हजार किलोहून जास्त साठा पकडला. विश्रांतवाडीचं मिठाचं गोदाम, कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना, सांगलीजवळचं कुपवाड आणि थेट दिल्ली. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमध्ये तरुण अमली पदार्थ घेत असल्याचा कथित व्हिडिओ आला. माझा मुलगा याच रस्त्यावर रोज असतो. या विषयावर मला गप्प बसवत नाही.

म्हणून एक प्रस्ताव मांडते. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं, ती देताना दुकानदाराने ओळखपत्र पाहावं, नाव लिहून घ्यावं आणि महिन्याला ठरावीक मर्यादेपलीकडे देऊ नये. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या याच द्रव्यापासून मेथॅम्फेटामिन, म्हणजे मेथ, बनवतात. अमेरिकेने २००६पासून नेमकं हेच केलं आहे. दिवसाला ३.६ ग्रॅम, तीस दिवसांत ९ ग्रॅम, गोळ्या काउंटरच्या मागे, ओळखपत्र आणि सही, नोंदवही दोन वर्षं जपायची. तिथे २००४ साली मेथच्या घरगुती भट्ट्यांच्या वीस हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या होत्या. स्फोट होत होते, त्या घरांतली मुलं भाजत होती. कायदा आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आकडा झपाट्याने खाली आला.

कोडीन, म्हणजे अफूच्या वर्गातलं नशा आणणारं द्रव्य, ज्या खोकल्याच्या औषधांत असतं त्यांनाही हाच नियम लावा. दुकानात पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

पेठेतला केमिस्ट

ताई, तळमळ कळते, पण कोडीनची नोंद तर आजही सक्तीची आहे. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नोंदीने विकायच्या औषधांची यादी, लागू आहे. कोडीन, वेदनाशामक ट्रामाडॉल, चिंता कमी करणारं अल्प्राझोलाम धरून सुरुवातीलाच ४६ औषधं त्यात आली. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. मी लिहितो. माझ्या ओळखीचे बहुतेक दुकानदार लिहितात.

पण ज्याला गैरधंदा करायचा आहे तो बिलच फाडत नाही. बिल नाही म्हणजे रजिस्टरमध्ये ओळही नाही, आणि तपासणीला इन्स्पेक्टर आले की त्याचं रजिस्टर माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. त्याला पकडायचा रस्ता एकच: स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, किती बाटल्या आल्या, किती विकल्याची बिलं आहेत आणि कपाटात किती उरल्या, हे बॅच नंबरनुसार जुळवणं. त्यासाठी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड कशाला हवं?

आणखी एक. आज सर्दीच्या ज्या गोळ्या धडाधड जातात त्यातल्या बहुतेकांत फिनाइलएफ्रिन असतं. त्यापासून मेथ बनत नाही. म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत मी ओळखपत्र नक्की कोणाला मागू?

नाक_चोंदलेला

फिनाइलएफ्रिनचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेच्या त्या कायद्याची दुसरी बाजूही सांगतो. स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे गेलं म्हणून कंपन्यांनी गोळ्यांमध्ये फिनाइलएफ्रिन घातलं. सप्टेंबर २०२३मध्ये तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रशासनाने ते मान्य घटकांतून काढायचा प्रस्ताव मांडला. इतकी वर्षं लोकांनी निरुपयोगी गोळीला पैसे मोजले. मला सायनसचा जुना त्रास आहे. गुण येणारं औषध दुर्मीळ करायचं आणि बिनकामाचं ढिगाने विकायचं, हा रुग्णावर अन्याय आहे.

एमआयडीसी_इंजिनिअर

ताई, तुम्ही एमडीच्या साठ्यापासून सुरुवात केलीत आणि उपाय मेथचा सुचवलात. एमडी सर्दीच्या गोळ्यांपासून बनत नाही. ते औद्योगिक रसायनांपासून बनतं. ही रसायनं पिंपात, टँकरमध्ये येतात आणि त्यांना रिअ‍ॅक्टर, सॉल्व्हंट, ड्रायर लागतो. पुण्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये उद्या पोलीस बसवला तरी कुरकुंभचं एक ग्रॅम थांबलं नसतं. ऑक्टोबर २०२३मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, तिथेही हेच.

आता स्यूडोएफेड्रिनच्या भावंडाचं, म्हणजे ज्यापासून मेथ बनतं त्या एफेड्रिनचंच घ्यायचं तर आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण मेडिकलमधलं नाही, कारखान्यातलं आहे. एप्रिल २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केलं. हिशोब करून पाहा. एका गोळीत साठ मिलिग्रॅम धरलं, तर एवढ्या मालाच्या तीस कोटींहून जास्त गोळ्या होतात. दहाच्या पाकिटांत भरल्या तर तीन कोटी पाकिटं. कुठली टोळी मेडिकल-मेडिकल हिंडत हे गोळा करेल? एक पिंप मागच्या दाराने निघालं की काम झालं.

एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहेत. २०१३च्या आदेशानुसार एनसीबीकडे (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे) नोंदणी, मालासोबत कन्साइनमेंट नोट (माल पाठवल्याचा कागद), साठ्याचा हिशोब, सगळं बंधनकारक आहे. सोलापूरचा माल पकडला गेला तेव्हा हा आदेश लागू होऊन तीन वर्षं झाली होती. भोक तिथे आहे आणि आपण ठिगळ काउंटरवर लावतोय.

माझी मागणी वेगळी आहे. बंद पडलेले प्लांट भाड्याने कोण घेतो, वीज आणि पाणी किती वापरतो, कुठलं सॉल्व्हंट मागवतो, हे एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पोलीस यांनी एकत्र बसून पाहावं. या तिघांकडे आपापले कागद आहेत. ते एका टेबलावर येत नाहीत.

वारजेकर ताई

कारखान्यांवर नजर हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मोठी वाट बंद झाली की लहान वाटा उघडतात. एमडीचंच बघा. फेब्रुवारी २०१५मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं, तोवर उघड मिळत होतं. आधी धोका दिसला, कायदा मागून आला, आणि मधल्या काळात पोरं गेली. मेथ पुण्यात अजून एमडीइतकं पसरलेलं नाही, म्हणून आताच दार लावा म्हणते. आणि अमेरिकेत घटना कमी झाल्या, हे कुणीच खोडलेलं नाही.

कलम_एकवीस

मी खोडतो. घटना उतरल्या, पण काही वर्षांतच पुन्हा चढल्या. टोळ्यांनी माणसं पाठवून, खोटी ओळखपत्रं वापरून, दुकानादुकानातून मर्यादेत बसेल तेवढं घ्यायला सुरुवात केली. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या जानेवारी २०१३च्या अहवालात स्पष्ट आहे की खरेदीचा संगणकीय माग ठेवल्याने जादा विक्री अडते, पण भट्ट्यांच्या घटना एकंदरीत घटल्या नाहीत. ऑरेगॉन आणि मिसिसिपी या राज्यांत डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती केली तिथे घटना बऱ्याच कमी झाल्या. पण मेक्सिकोतून वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवलेलं मेथ आलं आणि बाजार भरलेलाच राहिला. शेवटी ऑरेगॉननेही जानेवारी २०२२पासून ती सक्ती काढली.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. कुणी कुठलं औषध घेतलं ही माणसाची अगदी खाजगी गोष्ट. आज कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या प्रती पडलेल्या असतात. हजारो मेडिकलमध्ये अशा वह्या तयार झाल्या तर त्या कोण सांभाळणार? खोकल्याचं औषध घेणाऱ्या आजोबांना पोलिसांचा फोन आला तर कोण जबाबदार?

व्यसनमुक्ती_कार्यकर्ती

सगळे मेथ, मेथ करताहेत. मी ज्या मुलांबरोबर काम करते त्यांच्या खिशात काय असतं ते सांगते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलामच्या पट्ट्या, ज्यांना मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात. कोडीनच्या बाटल्या. आणि मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे, आणि जिमला जाणारी पोरं ते ताकदीसाठी टोचून घेतात. पुणे पोलिसांनी ही इंजेक्शनं विकणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा पकडलं आहे. हा माल कारखान्याच्या मागच्या दाराने आलेला नाही. तो रीतसर छापलेल्या वेष्टनात, बॅच नंबरासकट येतो. इंजिनिअर साहेब, एमडीबद्दल तुमचं सगळं बरोबर, पण औषधांच्या साखळीतली गळती खरी आहे आणि ती खूप स्वस्त आहे. साठ-सत्तर रुपयांत नशा होते.

म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे, पण सर्दीच्या गोळीसाठी नाही. या तीन-चार औषधांसाठी. आणि नजर ठेवायची ती आजाऱ्यावर नको. एकाच दुकानाला, एकाच स्टॉकिस्टला महिन्याला किती खोकी गेली, त्यावर ठेवा. एखाद्या गल्लीतल्या दुकानात हॉस्पिटलपेक्षा जास्त मेफेन्टरमाइन जात असेल तर ते दिसायला कुणाचं आधार लागत नाही.

पेठेतला केमिस्ट

हे अगदी बरोबर बोललात. यात ऑनलाइन विक्री आणि कुरिअरही धरा. इंजेक्शनं बरीचशी तिकडूनच येतात, आणि नाव मात्र मेडिकलवाल्यांचं खराब होतं.

वारजेकर ताई

ठीक. अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाला निवेदन द्यायचं ठरवलं आहे. पहिली मागणी कोडीन, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम आणि मेफेन्टरमाइनच्या खरेदी-विक्रीचा बॅचनुसार ताळमेळ, स्टॉकिस्टपासून दुकानापर्यंत. दुसरी, इंजिनिअर साहेबांची बंद प्लांटची. ती प्रशासनाच्या कक्षेत बसत नाही, म्हणून वेगळं पत्र पोलीस आयुक्तांना आणि प्रदूषण मंडळाला. तिसरी, स्यूडोएफेड्रिनवर ओळखपत्र आणि मासिक मर्यादा. ती मी काढणार नाही. इथले आक्षेप वाचूनही मला वाटतं की भट्ट्या सुरू होण्याआधी दार लावलेलं बरं.

कलम_एकवीस

तिसरी मागणी असेल तर माझा विरोध लेखी देईन, तुमच्याच निवेदनाला जोडून. चालेल?

वारजेकर ताई

चालेल. जोडा.

पेठेतला केमिस्ट

पहिल्या दोन मागण्यांवर माझी सही घ्या, आमच्या पट्ट्यातल्या आणखी दुकानदारांच्याही मिळवून देतो. तिसरी वेगळ्या कागदावर असू द्या. ओळखपत्राच्या मागणीखाली मी सही करणार नाही.