पगारवाढीचे टक्के आणि हातात आलेले पैसे : तुमचा अनुभव सांगा

परवा आमच्या पोराला लेटर आलं, ८ टक्के वाढ. पगार २६ हजार, म्हणजे २,०८० वाढणार असं धरून त्याच्या आईनं नव्या पेठेत जाऊन मिक्सर बघून पण ठेवला आणि खात्यात वाढले किती तर ९१५! पोरगं म्हणायलंय अकाउंटवाल्यानं घोळ केला. घोळ नव्हता ओ, टक्के बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर होते, बेसिक १३ हजार, त्याचे १,०४०, त्यातनं पीएफचे १२ टक्के म्हणजे १२५ गेले. बाकीचे भत्ते होते तिथंच. तुमचं कसं झालं सांगा.

मागवाला : आमचं पीसवर. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेल काढतो. पीसला साडेसहा रुपये होते, १० टक्के वाढ ठरली, मी सुताच्या कोनाच्या पुठ्ठ्यावर खडूनं मांडलं, ७ रुपये १५ पैसे. मालक म्हणला १५ पैसे सुट्टे कुठनं आणू, ७ धर. दिवसाला १२० पीस निघतात माझे, १८ रुपये गेले की रोजचे, आठवड्याचे १०८. सुट्टे नाहीत म्हणे!

शेंगाचटणी : माझी आई बिड्या वळायची, शाळा दुसरीपर्यंत. तिला टक्के कळत नव्हते, शेकडा कळायचा. माझा पगार १८,५०० असताना ६ टक्के वाढले, मी मोबाईल काढेपर्यंत ती म्हणली, १८५ शेकडे, शेकड्याला ६, अकराशे दहा झाले की गं. १९,६१०. बीकॉम मी झालेय.

होटगीरोडकर : २०,४०० होते, ५ टक्क्यांनी २१,४२० झाले. ईएसआयची (कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याची) २१ हजाराची हद्द ओलांडली म्हणून कपात थांबंल वाटलं तर १५३ चे १६१ कापायलेत. वाढ जुलैत झाली ना, चालू सहामाही सप्टेंबरला संपते, तोवर कापतातच. खरं टेन्शन पैशाचं नाही, वडलांची शुगरची औषधं त्याच कार्डावर येतात.

कडक भाकरी : २०२० मध्ये २५ हजारातले २० टक्के कापले, पुढच्या वर्षी "२० टक्के परत दिले" म्हणून टाळ्या घेतल्या. २० हजाराचे २० टक्के ४ हजारच होतात बे! हजार रुपये अजून येणं हाय.

खडू-फळा : आम्हा सरकारीवाल्यांचं ३ टक्के, बेसिकवर. ३५,४०० चे १,०६२, म्हणजे ३६,४६२ व्हायला पाहिजे, पण पगाराच्या तक्त्यात आकडा शंभरात लागतो म्हणून ३६,५०० धरतात. ३८ रुपये वरचे, आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा.

मागवाला : गुरुजी, तुमचं वर ढकलतात आणि आमचं खाली होय? तो तक्ता जरा आमच्या मालकाला दाखवा की.